ताई, त्या दिवशी सही केली नाही ते तुमच्यामुळे

ताई नमस्कार, नाव लिहित नाही कारण तुम्ही अजून तिथेच आहात, कंपनीचं पण लिहित नाही. हिंजवडी फेज 2 मधल्या त्या इमारतीतले लोक वाचतील तर ओळखतीलच, ओळखू देत.

17 एप्रिल 2023, सोमवार. वाकडच्या पुलाखाली पाऊण तास अडकून मी ऑफिसला पोचलो, बॅग ठेवतोय तेवढ्यात मॅनेजरचा पिंग आला, पाच मिनिटं ये म्हणून. काचेच्या त्या छोट्या मीटिंग रूममधे मॅनेजर होता आणि एचआरची एक मुलगी जिला मी आधी कधी बघितलंच नव्हतं, आणि टेबलावर टिश्यूचा बॉक्स आधीच आणून ठेवलेला. तो बॉक्स बघूनच पोटात गोळा आला. पीआयपी (कामगिरी सुधारायला दिलेली मुदत) वगैरे काही नाही, आधीच्या वर्षीचं रेटिंग पण बरं होतं, पण या वेळी बेल कर्व्हमधे (टीमची रँकिंग लावून काही जणांना खालचं रेटिंग द्यायचंच, ती पद्धत) खाली टाकलंय, प्रोजेक्ट रॅम्प डाउन होतोय म्हणजे माणसं कमी करतायत, तर तू स्वतःहून राजीनामा टाक, आजचीच तारीख, दोन महिन्यांचा पगार देतो, नाहीतर टर्मिनेशन लेटर निघेल आणि मग पुढे कुठे बॅकग्राउंड चेकमधे अडकशील. मॅनेजर माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाला की मला पण वरून किती जण काढायचे तो नंबर आलाय रे. (मायक्रोसॉफ्टने ही रँकिंगची भानगड 2013 मधेच बंद केली, आमच्याकडे मात्र दहा वर्षांनी पण एक्सेल शीटमधे जोरात चालू होती.)

खरं सांगतो, मी सही करणार होतो. बाथरूमला जाऊन येतो म्हणून बाहेर पडलो आणि तुम्ही पँट्रीत दिसलात. आपली टीम पण एक नाही, ओळख म्हणजे डबा खाताना जेवढी होते तेवढी. तोंड बघूनच तुम्ही विचारलंत काय झालं, मी अर्धवट काहीतरी बोललो आणि तुम्ही थालीपीठाचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालात, "आज कशावर पण सही करायची नाही. डोकं दुखतंय म्हण, मेलवर पाठवा म्हण, आणि घरी जा." मी तेवढंच पोपटासारखं बोललो आणि निघालो. मेलवर पाठवा म्हटल्यावर त्या मुलीचा आवाज एकदम मऊ झाला, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमधे तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, जॉइन कधी झालास. 18 जून 2018. मग ऑफर लेटरमधे नोटीस पिरियड किती. 90 दिवस. तुम्ही कँटीनचं बिल उलटं केलंत आणि मागे पेनाने ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळते त्या रकमेचा, हिशोब मांडलात, बेसिक 24 हजार, गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5, म्हणजे 69 हजार 231. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी मिळते एवढं मला ऐकून माहीत होतं पण आपण चार वर्षं दहा महिन्यांवर उभे आहोत हे डोक्यातच आलं नव्हतं. "त्यांना आजचीच तारीख का पाहिजे कळलं का? का ते त्यांना ठाऊक, आपण आपलं बघायचं. राजीनामा द्यायचाच असेल तर नोटीस पूर्ण सर्व्ह कर, क्लॉजचा नंबर टाकून मेल कर." केला. दोन दिवस रिप्लाय नाही, मग एका ओळीत ओके. 14 जुलै लास्ट वर्किंग डे.

मी त्या रात्री रागात सगळे मेल पर्सनल जीमेलवर फॉरवर्ड करणार होतो, ते पण तुम्हीच थांबवलंत. क्लायंटचा डेटा बाहेर पाठवला म्हणून त्याच्यावरूनच काढतील, म्हणालात, कोण काय बोललं ते तारीख वेळ घालून घरी वहीत लिही, आणि कंपनीच्या साइटवरून फक्त आपलं आपलं घे, सॅलरी स्लिपा, फॉर्म 16, अप्रेझल लेटरं, आणि यूएएनला (पीएफच्या खाते नंबराला) स्वतःचा मोबाईल नंबर आहे का बघ. माझ्या यूएएनला कॉलेजातलं बंद पडलेलं सिम होतं.

आणि मेडिक्लेम. हे मला जन्मात सुचलं नसतं. शेवटच्या दिवशी आईवडिलांचं कव्हर पण जातं, घरात कोणाचं काही पेंडिंग आहे का, असं तुम्ही जाता जाता विचारलंत. पप्पांचा मोतीबिंदू दोन वर्षं पुढे ढकलत होतो. जूनमधे सोलापूरहून बोलावून घेतलं, कॅशलेस झालं, आता पेपरातली राशीभविष्याची बारीक अक्षरं वाचतात आणि मला फोन करून ऐकवतात.

मी काही लय भारी डेव्हलपर होतो असं नाही, शेवटच्या वर्षी माझं पण लक्ष उडालं होतं, टाइमशीट भरण्यापुरतं काम चाललेलं. तुम्हाला ते माहीत होतं, तरी तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. बाकी फ्लोअरवर लोक माझ्याशी बोलायचे बंद झाले, डब्याला कोणी हाक मारेना, त्यांचं पण बरोबर आहे, प्रत्येकाचा ईएमआय. तुमचा पण होता की, तरी तुम्ही तीन महिने रोज त्याच टेबलावर समोर येऊन बसलात.

ग्रॅच्युइटी 9 ऑगस्टला जमा झाली, आकडा तुमच्या बिलामागचाच, एक रुपया इकडेतिकडे नाही. ते बिल माझ्याकडे आहे अजून, शाई उडत चाललीय.

शेवटच्या दिवशी तुम्ही क्लायंट कॉलवर होतात, लांबूनच हात केलात, नीट बोलणं राहूनच गेलं, आणि नंतर मेसेज टाइप करायला घेतला की काय लिहावं सुचायचं नाही म्हणून हे एवढं लांबलं. आईने शेंगा चटणी करून ठेवलीय तुमच्यासाठी, अर्धा किलो, तिखट आहे. वाकडच्या त्याच फ्लॅटवर आहात ना अजून? रविवारी आणून देतो.