गुडघ्याचं ऑपरेशन: चि. समीरला

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईनं तुझा एक्स-रे पाठवला. उभं राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा काढलाय, हे बरं केलं. त्यावर खुब्यापासून घोट्यापर्यंत रेघ ओढली की ती गुडघ्याच्या मधोमध जायला हवी. तुझी आतल्या अंगानं जाते, माझीही तशीच जायची. पायाचा हा बाक आपल्या घरातलाच. चांगल्या गुडघ्यातही चालताना निम्म्याहून जास्त भार आतल्या बाजूवर पडतो. त्यात बाक आला की तिथलीच कूर्चा, म्हणजे हाडांवरची गादी, घासत राहते.

तू विचारलंस, "बाबा, हे ऑपरेशन कायमचं आहे का?" नाही. नडगीचं हाड गुडघ्याच्या जरा खाली आतून कापतात, बाहेरची कड शाबूत ठेवतात, फट उघडून पट्टी-स्क्रू मारतात. भार बाहेरच्या धडक्या बाजूकडे सरकतो, एवढंच. दहा वर्षांनी शंभरातले साधारण पाऊणशे गुडघे टिकून असतात, वीस वर्षांनी निम्म्याच्या आसपास. बाकीच्यांना सांधा बदलावा लागतो.

माझा डावा गुडघा, क्लचचा. शेहेचाळिसाव्या वर्षी हाड सरळ केलं आणि निवृत्त होईपर्यंत कुंभार्ली घाटात एसटी चालवली. एकसष्टाव्या वर्षी सांधा बदलला, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "मग आधीच बदलायचा होता की!" त्यांना काय सांगणार? ऐन उमेदीत बदललेला सांधा दांडगाईनं लवकर झिजतो आणि म्हातारपणी पुन्हा टेबलावर झोपायची वेळ येते. मधल्या वर्षांत मी शेतात राबलो, पंगतीत मांडी घालून जेवलो. आता खुर्ची लागते. एक खरं, आधी हाड कापलेलं असलं की सांधा बदलताना सर्जनला जरा जास्त खटपट पडते.

तू त्रेचाळीसचा, तुझी बाहेरची बाजू शाबूत आहे, म्हणून माझं मत 'कर' असंच आहे. वजन थोडं उतरव. हाड जुळायला तीन महिने तरी धर. सुरुवातीला कुबड्या असतील, आई येऊन राहील म्हणते.

पण सिगारेट बंद झाल्याशिवाय तारीख घेऊ नकोस. त्यानं हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. सुटली का, ते मी सूनबाईला विचारीन. तुला नाही.

तुझे
बाबा