पावसाच्या तोंडाला लागलेला मोठा जिताडा परत खाडीत सोडा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या अंकात तुम्ही धरमतरच्या खाडीत गळाला लागलेल्या जिताड्याचा फोटो छापलात, दोन पोरांनी मिळून आडवा धरलेला, खाली वजन लिहिलं होतं अठरा किलो. आमच्याकडे तो पेपर दिवसभर या घरातून त्या घरात फिरला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मासा होताच तसा. पण मला तो बघून आनंद झाला नाही. एवढ्या मापाचा जिताडा म्हणजे मादी, आणि महिना जूनचा, म्हणजे पोटात गाबोळी, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, असणार हे आमच्या बाजूच्या कुठल्याही जुन्या माणसाला फोटोवरून सांगता येईल. म्हणून हे पत्र लिहायला बसलो, थोडं लांबेल पण जमलं तर पूर्ण छापा.

आधी एक सांगतो, गळ टाकणाऱ्यांच्या विरोधात मी अजिबात नाही. मी स्वतः चाळीस वर्षं गळ टाकतोय, पोयनाड-शहापूरच्या बाजूला आमचं घर, घरापुढे तळं, तळ्यापलीकडे शेत, शेताला बांध आणि बांधापलीकडे खाडी. खारेपाटात वाढलेल्या माणसाला जिताडा काय आहे हे सांगावं लागत नाही. लग्न ठरलं की व्याह्यांसाठी तळ्यातला जिताडा, पोरगा मुंबईहून आला की जिताडा, कोणाचं कोर्टाचं काम झालं तरी वकिलाला जिताडाच पोचवायचा.

पण हा मासा तळ्यात जगतो, वाढतो, पाच-सहा किलोचा होतो, आणि तळ्यात अंडी मात्र घालत नाही, त्याला त्यासाठी समुद्राचं खारं पाणीच लागतं. पावसाच्या सुरुवातीला मोठे जिताडे खाडीच्या तोंडाशी उतरतात, तिकडे अंडी पडतात, आणि मग उधाणाच्या भरतीबरोबर बोटाएवढी पिल्लं वर खाडीत, खाजणात, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आमच्या शेतात येतात. तीच पिल्लं पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून धरतो आणि तळ्यात सोडतो. म्हणजे आमच्या आख्ख्या खारेपाटातल्या तळ्यांमधला जिताडा हा खाडीतल्या मोठ्या माद्यांवर उभा आहे. आणि दुसरी गोष्ट, जी मलाही बरीच उशिरा कळली, जिताडा जन्मतः मादी नसतोच! आधी नर होतो, काही वर्षं नर म्हणून काढतो, आणि मोठा झाल्यावर त्याचीच मादी होते. मीटरभर लांबीच्या पुढे जे मिळतात त्या जवळपास सगळ्या माद्या. आता विचार करा, ती मादी व्हायला किती वर्षं लागली असतील, डोल, वाणे अशी किती जाळी चुकवून ती तिथवर आली असेल, आणि एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात, लहान मादीच्या कितीतरी पट.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी तिशीत असताना आषाढात एकदा उघाडीच्या तोंडाशी गळाला निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारणारा छोटा मासा, लावून बसलो होतो, आभाळ भरलेलं, सुकती, म्हणजे ओहोटी, नुकतीच लागलेली. दोरी अशी गेली की हाताच्या पेराला कापलं, त्याचा वण अजून आहे. अर्ध्या तासाने बाहेर काढला, टॉर्च मारला तर डोळा निखाऱ्यासारखा लाल चमकला. सायकलला आडवा बांधून घरी आणला तेव्हा शेपूट जमिनीला लागत होती. आईने विळीवर पोट उघडलं आणि गाबोळीच्या दोन पिशव्या बाहेर आल्या, पिवळ्याधमक, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, आईच्या दोन्ही हातांत मावेनात. आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली "पावसाच्या तोंडाला आणू नये रे". गाबोळी शेजारी वाटली, सगळ्यांनी खाल्ली, मीही खाल्ली. आज भादव्यात त्याच उघाडीवर पाग टाकतो तेव्हा एका सकाळी चार पिल्लं मिळाली तरी नशीब म्हणायचं, आणि पूर्वी माझे वडील डबा भरून आणायचे. तेव्हा मला ती पिवळी पिशवी आठवते.

आता जिवंत आमिषाबद्दल, कारण हल्ली शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून जी पोरं येतात त्यातली बरीचशी यूट्यूब बघून जिवंत कोळंबी नाहीतर बोय मासा लावतात, आणि ते बरोबरच आहे, जिताडा मेलेल्या आमिषाला तोंड लावायला फार का-कू करतो. निवटी सगळ्यात चिवट, ओल्या गोणपाटात तासन्‌तास जगते. बोय मात्र नाजूक, चौकोनी डब्यात ठेवली की कोपऱ्यात तोंड घालून आपटत राहते आणि मरते, गोल बादलीत नुसती गोल गोल फिरत राहते. हे मला माझ्या भाच्याने सांगितलं, तो अमेरिकेत साउथ कॅरोलायनात नोकरीला आहे, तिथल्या तलावात स्ट्राइप्ड बास नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा मासा ते लोक जिवंत हेरिंग लावून धरतात, आणि हेरिंगसाठी त्यांच्याकडे खास गोल टाक्या मिळतात. मी घरच्या बादलीत बोय ठेवून बघितली, ॲक्वेरियमच्या दुकानातला बॅटरीवरचा एअर पंप सोडला, दहाच बोय, जास्त नाही, आणि दुपारपर्यंत सगळ्या टुणटुणीत.

त्या स्ट्राइप्ड बासची गोष्ट आपल्याशी जुळते म्हणून सांगतो. तो मूळचा समुद्रातला, अंडी घालायला नदीत चढतो, म्हणजे आपल्या जिताड्याच्या बरोब्बर उलटा. १९४१ साली तिकडे सँटी नदीवर धरण बांधलं तेव्हा वर गेलेले मासे आतच अडकले, सगळ्यांना वाटलं संपले, पण वरून नदी वाहत येत होती, मासे तिथे अंडी घालायला लागले आणि तलावातच त्यांची वस्ती झाली. आपल्या जिताड्याला ही सोय नाही, तो तळ्यात अडकला की तिथेच म्हातारा होणार, वंश पुढे नाही. आणि तिकडे समुद्रकिनाऱ्याच्या राज्यांमध्ये हाच मासा एवढा मारला गेला की मेरीलँड राज्याने १९८५ पासून पाच वर्षं तो धरायलाच पूर्ण बंदी घातली, तेव्हा कुठे तो परत वाढला. आता २०२१ पासून त्या सगळ्या किनाऱ्यावर आमिष लावून तो धरायचा असेल तर साधा गळ चालत नाही, सर्कल हूकच लावावा लागतो.

हा सर्कल हूक आपल्याकडच्या पोरांनी वापरावा ही माझी कळकळीची विनंती आहे. साधा, इंग्रजी J अक्षरासारखा गळ जिताडा आमिषासकट पोटात घेतो, मग तो सोडला तरी मरतो. सर्कल हूकचं टोक आत दांडीकडे वळलेलं असतं, मासा आमिष गिळून वळला आणि दोरी ताणली की गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. भाच्याने मला चार पाठवले आणि फोनवर तीनदा बजावलं, "मामा, हिसका मारायचा नाही, अजिबात नाही, नुसती दोरी ताणून धरायची". पहिले दोन मासे मी जुन्या सवयीने हिसका मारून घालवले, तिसऱ्यापासून हात बसला. आता आमच्या बाजूचे चार-पाच जण तेच वापरतात, अलिबागला दुकानात मागितले तर मागवून देतात. कोळंबी लावायची तर डोक्यावरच्या करवतीच्या मुळाशी लावा, आत जो काळा ठिपका दिसतो त्याला टोचू नका, नाहीतर कोळंबी जागीच मरते. बोय वरच्या ओठातून. वेळ तर सगळ्यांना माहीत आहे, तिथीची पाऊणपट, म्हणजे दशमीला साडेसातला पूर्ण भरती, आत खाडीत थोडी उशिरा, आणि खरी मजा सुकती लागल्यावर उघाडीतून पाणी धावतं तेव्हा.

मासा लागला आणि तो मोठा निघाला तर काय करायचं हे पण सांगतो कारण नुसतं "सोडा" म्हणून होत नाही. हात आधी ओले करा. जबड्याला धरून उभा लटकवू नका, एवढ्या वजनाने आतली हाडं निखळतात, दोन्ही हातांनी पोटाखाली आधार द्या. कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, तिथे बोट घालू नका. गळ घशात खोल गेला असेल तर ओढत बसू नका, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तोंडाजवळ कापून टाका. फोटो काढा, जरूर काढा, पण मासा पाण्यात धरून, मोबाईलवाला पाण्यात उतरेल. मग तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा, तो स्वतः शेपूट मारून जाईल, तुम्ही ढकलू नका.

ऑस्ट्रेलियात हाच जिताडा आहे, तिकडे त्याला बारामुंडी म्हणतात. क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही हे तर आहेच, पण १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवता येत नाही, आणि पूर्व किनाऱ्यावर अंडी घालायच्या दिवसात १ नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत धरायलाच बंदी. आपल्या सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, पापलेटला राज्यमासा केलं, चांगलंच झालं, पिल्लं वाचतील. पण वरच्या मापाचं काय? जिताड्यासारख्या माशाला वरचं मापच जास्त गरजेचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, पण बांधावर बसून गळ टाकणाऱ्याला त्या दोन महिन्यांत कोण विचारतो, आणि नेमके तेच दोन महिने मोठी मादी खाडीच्या तोंडाशी.

माझ्या ओळखीचे एक काका म्हणाले की तू गळवाल्यांच्याच मागे काय लागलास, उघाड्या मोडल्यात, बांध फुटलेत, कांदळवन तोडून भराव होतोय, कारखान्याचं पाणी खाडीत येतं, ते बघ की. काकांचं खरं आहे, शंभर टक्के खरं, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल आणि मी लिहीन. पण उघाडी दुरुस्त व्हायला माझ्या हातात काही नाही, अर्जावर अर्ज केलेत, आणि माझ्या गळाला लागलेला मासा मात्र माझ्या हातात आहे. ज्याची चूल त्या दिवसाच्या माशावर पेटते त्या कोळ्याला किंवा आदिवासी भावाला मी सोड म्हणणार नाही, मला तो हक्क नाही. मी बोलतोय ते माझ्यासारख्यांना आणि गाडी घेऊन हौसेने येणाऱ्यांना, ज्यांना घरी गेल्यावर जेवायला दुसरं आहे. दोन-तीन किलोचा न्या, खा, त्याची चवही जास्त चांगली, मोठ्याचं मांस तसंही राठ लागतं.

गेल्या वर्षी ज्येष्ठात माझ्या पुतण्याला तसाच एक मोठा लागला होता, दांडीवर खुणा केल्या आहेत आम्ही, एक मीटर आणि वर चार बोटं. पोरगा रडकुंडीला आला, काका एवढा मोठा परत कधी लागेल. सोडला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने तिला पाच मिनिटं धरलं होतं, मग एकदम शेपटीचा फटका बसला, दोघांच्या तोंडावर चिखल, आणि गेली. त्याचा फोटो आहे, थोडा हललेला आहे.

तुमच्याकडे विनंती एवढीच की असे फोटो छापताना वजनाबरोबर लांबी आणि महिना पण छापा, आणि सोडलेल्या माशाचा फोटो कोणी पाठवला तर त्याला तेवढीच जागा द्या. पुतण्याचा फोटो या पत्रासोबत जोडला आहे, हललेला असला तरी चालेल तर बघा.

आपला,
एक जुना वाचक
खारेपाट, ता. अलिबाग, जि. रायगड