चेहरा पाहून ठरवू नका, शुभार्थीला विचारा

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या फेरतपासणीत प्रश्न ठरलेले असतात. आवाज येतात का, झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेतो का? उत्तरं बहुतेक वेळा सोबत आलेली आई नाहीतर भाऊच देतो. या आठवड्यात तुला कसं वाटलं, हे शुभार्थीला, म्हणजे आजार असलेल्या माणसाला, विचारायचं राहून जातं. मग चेहऱ्यावरून अंदाज बांधला जातो आणि त्यात पुरुषांचं एका तऱ्हेनं, बायकांचं दुसऱ्या तऱ्हेनं नुकसान होतं.

पुरुषांत हा आजार सहसा लवकर सुरू होतो. कमी बोलणं, भाव नसलेला चेहरा, एका जागी बसून राहणं त्यांच्यात जास्त आढळतं. घरचे म्हणतात, "याला काहीच वाटत नाही." ते खरं नाही. चित्रफिती दाखवून केलेल्या प्रयोगांत शुभार्थींच्या चेहऱ्यावर भाव कमी उमटले, पण आत काय वाटलं हे त्यांनी इतरांइतकंच सांगितलं. शिवाय चेहरा थिजण्यामागे औषधही असू शकतं. हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्यांनी स्नायू ताठरतात. मनगट आणि कोपर हलवून पाहिलं, चालताना हात झुलतात का बघितलं, तर दोन मिनिटांत शंका येते. एवढं तरी प्रत्येक भेटीत व्हायलाच हवं.

बायकांचं उलट होतं. रोजच्या बारीकसारीक ताणानं त्यांचं मन पुरुषांपेक्षा जास्त ढवळतं, असं दिवसातून अनेकदा नोंदी घेऊन केलेल्या युरोपातल्या अभ्यासात दिसलं. पण त्या रडल्या, चिडल्या की "स्वभावच तसा" म्हणून ते कागदावर येतच नाही. प्रत्येक अभ्यासात हा फरक सारखा निघत नाही, हेही सांगितलं पाहिजे. "भ्या वाटते" म्हणायला आपल्याकडे पुरुष कचरतो, त्यामुळे नोंदीतला काही फरक आपल्या वळणाचाही असणार.

पाळीआधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं आणि काही जणींची लक्षणं वाढतात. रिस्पेरिडोन या आजाराच्या गोळीनं प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढून पाळी थांबू शकते, स्तनातून दूधही येऊ शकतं. पुरुष डॉक्टरांपुढे, तेही सासू शेजारी बसलेली असताना, हे कोण सांगेल? गोळ्या गुपचूप बंद होतात आणि आजार उलटतो.

आमची मागणी साधी आहे. संशोधनात 6 दिवस, दिवसातून 10 वेळा फोन वाजवून 1 ते 7 आकड्यांत भावना विचारतात. आपल्या बाह्यरुग्ण विभागासाठी दिवसातून 5 वेळा पुरे. आनंद, भीती, चिडचिड, एकटेपणा हे चार आकडे, वाजलं तेव्हा सोबत कोण होतं आणि काय चाललं होतं, एवढंच भरायचं. "उदास आहात का?" याला उत्तर "नाही" येतं. "कशात जीव लागते का?" असं विचारलं की माणूस बोलू लागतो. म्हणून प्रश्न वऱ्हाडी, नागपुरी बोलीत तपासून घ्यावेत.

हे कुठे बिघडतं, तेही माहीत असावं. कागदी वही रात्री एकदम भरली जाते. सगळीकडे एकच आकडा दिसला की समजावं. बाईचा फोन बरेचदा नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून तिला वेगळं, फक्त वाजणारं यंत्र द्यावं. संशय घेणाऱ्या माणसाला ही घंटा पाळत वाटू शकते, तेव्हा आधी एकदा वाजवून दाखवावी. आजार उसळलेला असताना नोंदी घेऊच नयेत. नोंदी घरच्यांना दाखवायच्या तर शुभार्थीला विचारूनच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.

राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक नागपुरात आहे. तिथून सुरुवात करावी. केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख आणि स्नायूंचा ताठरपणा असे दोन रकाने वाढवावेत, प्रोलॅक्टिनची तपासणी मोफत मिळावी आणि बायकांशी पाच मिनिटं एकट्यानं बोलायला परिचारिका नेमावी. स्त्री-पुरुषांच्या नोंदी वेगळ्या जुळवून डॉक्टरांच्या टेबलावर पुढच्या भेटीआधी याव्यात. यासाठी आदेश कधी निघेल, ते लेखी कळवावं.

आपले,
मानसिक आरोग्याच्या कामातले आम्ही, नागपूर