दवाखाना का नको म्हणते

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, चिपळूणच्या डॉक्टरकाकांचा चालता दवाखाना मी घ्यावा, ही तुमची इच्छा पोचली. फोनवर मी "बघते" म्हणाले, कारण फोनवर माझं बोलणं पुरं होत नाही. मध्येच आई "जेवलीस का?" विचारते आणि विषय संपतो. म्हणून हे पत्र. उत्तर नाही असंच आहे, पण कारण वाचा, मग रागवा.

तुम्हाला खुपतं ते मला कळतं. एम.डी. झालेली लेक आठवड्यातून दोनच दिवस ओपीडीत बसते आणि उरलेले दिवस प्रयोगशाळेत पेशी वाढवत बसते, हे कसलं डॉक्टर होणं? शेजारच्या काकू तर दर गणपतीत विचारतात, "अजून शिकतेच आहे का गो?" हो, शिकतेच आहे.

मी ज्या आजारावर काम करते तो मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांचा, उन्हाने होणारा अशी त्याची ख्याती. आपल्याकडे तो कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली, म्हणजे ऊन जिथे फारसं पोचतच नाही तिथे. बॉब मार्ले हा जमैकाचा गायक १९८१ मध्ये ३६व्या वर्षी गेला तो याच प्रकाराने; सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती.

आता आपल्या गुहागरात बघा. आगरात अनवाणी वावर, पायात काटा मोडलेला, टाचेला भेगा. तळपायावर काळं काही दिसलं की ते कुरूप, आणि कुरूपावर बिब्बा. बिब्ब्याने कातडी भाजून काळी झाली की खालचा डाग कुणाला दिसणार? एम.डी. करताना आपल्याच बाजूचे एक आजोबा आले होते. टाचेवर जखम, घरचे सगळे उपाय करून झालेले, आणि जांघेत गाठ. पसरलेल्या मेलानोमावर तेव्हा आमच्या हातात होतं डकार्बाझिन, १९७५ पासूनचं औषध. ते थोड्यांनाच लागू पडायचं आणि तेही फार काळ टिकायचं नाही. आजोबा मला विचारत होते, सुपारी काढायला कधी जाता येईल.

आणि मग २०११ उजाडलं. एका वर्षात अमेरिकेत दोन नवी औषधं मंजूर झाली. त्यातलं एक, वेमुराफेनिब, बीआरएएफ या जनुकातल्या बिघाडावर नेम धरणारं. तो बिघाड मेलानोमात सापडला होता २००२ मध्ये. प्रयोगशाळेतून गोळीपर्यंत यायला नऊ वर्षं लागली, आणि या कामात ही घाईच म्हणायची. दुसरं इपिलिमुमॅब, ते मला जास्त आवडतं. आपल्या शरीरातल्या पेशी राखणदारासारख्या फिरत असतात. कर्करोग त्यांना जागच्या जागी थोपवतो. हे औषध गाठीला हातही लावत नाही, राखणदाराला मोकळं करतं. या वाटेवरच्या शोधासाठी अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. त्यातले होंजो मूळचे वैद्यकीचं शिक्षण घेतलेले, हे काकूंना जरूर सांगा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष कार्टर यांचा मेलानोमा २०१५ मध्ये मेंदूत पोचला होता. नव्वदीतल्या त्या माणसाला याच जातीचं औषध दिलं आणि ते शंभरी पूर्ण करून २०२४ मध्ये गेले. राखणदाराला मोकळं करणारी अशी दोन औषधं जोडीने दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनंतर हयात होते. मी शिकत होते तेव्हा हे कुणी म्हटलं असतं तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं.

मग माझं काय अडलंय? अडलंय ते तळपायाशीच. उन्हाने झालेल्या मेलानोमात जनुकांची इतकी मोडतोड असते की राखणदाराला परका चटकन ओळखू येतो. तळपायाच्या प्रकारात ती मोडतोड कमी, बीआरएएफचा बिघाडही कमी जणांत, म्हणून ही औषधं तिथे तितकी चालत नाहीत. आणि जगातले बहुतेक प्रयोग झाले ते गोऱ्या रुग्णांवर. टाचेच्या गाठीत नेमकं काय बिघडतं, हे आपल्याच पेशंटच्या गाठी तपासून शोधायचं, एवढंच माझं काम. त्यातला निम्मा वेळ अनुदानाचे अर्ज लिहिण्यात जातो, ते सोडा. पगाराचं तर तुम्ही विचारूच नका.

महाग औषधांचा प्रश्न तुम्ही काढालच. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगात दाखवून दिलं की निवोलुमॅब या राखणदाराला मोकळं करणाऱ्या औषधाचा नेहमीच्या दशांशाहूनही कमी डोस इतर औषधांना जोडला तरी रुग्ण जास्त जगतात. आजार वेगळा आहे, मेलानोमालाही तेच लागू होईल असं मी म्हणत नाही. पण असा प्रश्न सुचायला पेशंटचं बिल पाहिलेला माणूस लागतो, आणि त्याचं उत्तर मोजून काढायला संशोधनाची सवय. त्यामुळे मला यातलं एकही सोडायचं नाही.

आई, टाचेला बिब्बा लावायच्या आधी मला फोटो पाठव. बाबा, तुमच्या अंगठ्याच्या नखावरची उभी काळी रेघ मी पाहिली आहे. आपल्या रंगाच्या माणसांत अशा रेघा पुष्कळ असतात, घाबरू नका. मात्र ती रुंद व्हायला लागली किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला, तर गणपतीची वाट न बघता कळवा.

डॉक्टरकाकांना माझा नमस्कार आणि नकार दोन्ही सांगा. सोबत हेही विचारा, की महिन्यातून एक शनिवार मी त्यांच्याकडे बसले तर चालेल का. पैसे नकोत. अट एकच: सर्दी-खोकल्याचा पेशंट असला तरी आत आल्यावर चपला काढून तळवे दाखवायचे. काका हसतील, पण नाही म्हणणार नाहीत.

तुमची,
मनू