वाळवंटात मुलांना नेताना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. सुट्टीत मुलांना घेऊन वाळवंट बघायला जायचं मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेला बेतही नीट वाचला. रोज नवा मुक्काम आणि दुपारभर गाडीचा प्रवास. स्पष्टच लिहितो, रागावू नकोस: हे सगळे मुक्काम रद्द कर. एक जागा निवड आणि पूर्ण सुट्टी तिथेच राहा.

तिथे दिवस दोन तुकड्यांत जगायचा असतो. उजाडल्यापासून साधारण दहापर्यंतचा एक, आणि ऊन कललं की अंधार पडेपर्यंतचा दुसरा. मधला वेळ सावलीचा. आंघोळ, जेवण, गोष्टीचं पुस्तक आणि झोप. दुपारी दोघं झोपली तर संध्याकाळ तुमची. रोज सामान बांधून निघालात तर आधी ही झोप जाईल आणि मग सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येईल. दीड वर्षाच्या मुलीला चार किल्ले आणि तीन टेकड्या बघून काय मिळणार आहे? तिला एक वाळूचा उतार पुरतो.

कुठे जायचं ते अजून नक्की नाही म्हणतोस. राजस्थानातलं थर किंवा आफ्रिकेतलं सहारा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नैऋत्य आफ्रिकेतलं नामिब दक्षिण गोलार्धात, तिथे मे ते सप्टेंबर बरा. उन्हाळ्यात गर्दी नसते म्हणून भुलू नकोस. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तो आजही जागतिक विक्रम मानतात. थंडीत जाणार म्हणून लोकरीचे कपडे मात्र विसरू नकोस. हवा कोरडी, वर ढग नाहीत, त्यामुळे दिवसभराची उष्णता सूर्य मावळताच निघून जाते. दुपारी अर्ध्या बाहीत खेळणाऱ्या पोराला रात्री कानटोपी लागते.

आता पाण्याचं, आणि हे वहिनीलाही वाचून दाखव. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त असते, म्हणून बाहेरची उष्णता त्यांच्या अंगात लवकर शिरते. घामही त्यांना मोठ्यांपेक्षा कमी येतो. त्यात कोरड्या हवेत आलेला घाम लगेच वाळतो. सदरा भिजत नाही, आणि आपल्याला वाटतं मूल घामेजलेलंच नाही. जवळून बघ, कपाळावर केसांच्या कडेला मिठाची बारीक पांढरी रेघ दिसेल. 'तहान लागली का?' असं विचारूच नकोस, खेळात रमलेलं मूल नाहीच म्हणतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी बाटली तोंडाला लाव, चार घोट पुरेत. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी वाढव. सहा-आठ तास झालीच नाही, मूल मलूल पडलं किंवा रडताना डोळ्यांत पाणी येईना, तर वाट न बघता डॉक्टर गाठ. ओआरएसच्या पुड्या जवळ ठेव. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळव, कमी-जास्त नाही. डॉक्टर किती अंतरावर आहेत, हे राहण्याची जागा ठरवण्याआधी विचार. माझ्या मते खोली कशी आहे त्याहून हा प्रश्न मोठा.

आणि उभ्या गाडीत मुलांना क्षणभरही सोडायचं नाही, काच खाली असली तरीही. उन्हातल्या गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा अंशांच्या आसपास चढतं.

टोपी रुंद काठाची आणि मानेवर झडप असलेली घे. वाळूवरूनही ऊन परावर्तित होतं, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लाव, दर दोन तासांनी पुन्हा.

उंटाबद्दल थोरल्याने विचारलंय ना? त्याला अवश्य बसव, पण पुढे तो आणि मागे तू. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो. त्या क्षणी मागे रेलायचं आणि घट्ट धरायचं. खाली बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही तसंच. धाकटीला वर बसवायचा आग्रह कुणी केला तरी ऐकू नकोस. तिला खालूनच दाखव, डोळ्यांवरच्या लांब पापण्या, वाळू उडाली की मिटणाऱ्या नाकपुड्या. पाठीवरच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते, हेही थोरल्याला सांग. त्याला असलं काही कळलं की तो दिवसभर सगळ्यांना सांगत फिरतो.

पण खरी मजा पहाटेची. ऊन चढायच्या आत दोघांना टेकडीपाशी ने. रात्रभर कोण कोण फिरलं ते वाळूवर लिहिलेलं असतं: भुंग्याच्या पायांची दुहेरी शिवण, सरड्याच्या शेपटीची रेघ, कुठे सापाची वळणं. वारा सुटला की सगळं पुसलं जातं, म्हणून लवकर. वाऱ्याच्या आडोशाचा उतार चौतीस अंशांच्या आसपास असतो, त्याहून जास्त उभी वाळू टिकतच नाही, घसरते. थोरल्याला वरून बसून घसरू दे, तेही त्याला समजेल. दुपारी सावलीत हात खुपसायला सांग: वरचा थर तापलेला, कोपरापर्यंत गेलं की गार. बरेच प्राणी दिवस बिळात का काढतात, ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

बूट घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटे करून आपटायचे, विंचू आत शिरतात. आणि तंबूत राहणार असाल तर कोरड्या नदीच्या पात्रात मुळीच नको. पाऊस कुठेतरी दूर पडतो आणि इथे निरभ्र आकाशाखाली लोंढा येतो.

तारखा ठरवताना अमावस्येच्या आसपासच्या घे. आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसेल. जेवणं झाली की पांघरुणात गुंडाळून अर्धा तास बाहेर बसवायचं, मग झोपली तरी चालेल.

जागा आणि तारखा पक्क्या झाल्या की कळव, म्हणजे औषधांची यादी मी लिहून पाठवतो. धाकटीचं वजन किती ते लिही, तापाच्या औषधाची मात्रा त्यावर ठरते. ती तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायला हवी.

वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझाच,
मित्र