त्या गटांवर बंदी घालण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आत्महत्येचे विचार मनात घोळणारी माणसं ज्या ऑनलाइन गटांकडे वळतात, ते सगळे सरसकट बंद करा, अशी मागणी करणारा लेख आपल्या अंकात वाचला. लेखकाचा संताप समजतो. मरणाचे मार्ग सांगणारे आणि डळमळणाऱ्या माणसाला ‘आता माघार कशाला’ म्हणून पुढे ढकलणारे अड्डे आहेत, आणि ते बंदच व्हायला हवेत. पण त्याच दमात लेखकाने एकमेकांना धीर देणारे गटही झोडपून काढले आहेत. अशाच एका गटात मी काही वर्षं ॲडमिन आहे, म्हणून हे पत्र.

लोक तिथे येतात कारण जवळच्यांपुढे हा विषय काढला की एकतर रडारड होते, नाहीतर ‘तुला कमी काय आहे?’ असं विचारलं जातं. या प्रश्नाला उत्तर नसतं, माणूस गप्प होतो. डॉक्टरकडे जायचं तर धीर हवा, पैसे हवेत, आणि आपल्याला वेडा ठरवतील ही धास्ती असतेच. गटात खरं नाव लागत नाही, चेहरा दिसत नाही, आणि रात्री तीनलाही कुणी ना कुणी जागं असतं.

अशा वेळी संदेश येतो तोही एका ओळीचा: “कोणी जागं आहे का?” मुरलेले सभासद यावर सुविचार धाडत नाहीत. एक जण लिहितो, “आहे. बोल.” मग बराच वेळ काहीच येत नाही. ‘टाइप करत आहे’ असं दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं. शेवटी येतं, “काही नाही, सहज.” इथे सरळ विचारायचं असतं, “जीव द्यावासा वाटतोय का?” नवख्यांची बोटं इथेच अडखळतात. आपणच त्याच्या डोक्यात घातलं तर? हा गैरसमज आहे, असं जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. मोकळेपणाने विचारल्याने विचार बळावत नाही. अनेकदा “हो” येतं आणि त्यामागून धो धो मजकूर. कर्ज, परीक्षा, तुटलेलं नातं, किंवा ज्याला काहीच नाव देता येत नाही असा थकवा. मग आमचे ठरलेले प्रश्न. आत्ता एकटा आहेस का? काही ठरवलं आहेस का? जवळ धोक्याचं काही असेल तर ते दुसऱ्या कुणाकडे देता येईल का? शेजारच्या खोलीतल्या कुणाला उठवतोस का? हेल्पलाइनला फोन लाव, लागेपर्यंत मी इथेच आहे. यात थोरपण काही नाही, वेळ काढायचा असतो. विचार महिनोनमहिने पाठ सोडत नाहीत हे खरं, पण ज्या क्षणी हातून काही घडतं तो जोर पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि ओसरतो. प्रयत्नातून वाचलेल्या दर दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत, असं पाठपुराव्याच्या अभ्यासांत दिसलं आहे.

ही कल्पना इंटरनेटची नव्हेच. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या धर्मगुरूने अशा माणसांसाठी फोनसेवा सुरू केली. त्यांना भेटायला येणाऱ्यांना थांबावं लागे, तेवढ्यात मदतीला आलेले साधे स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांचं ऐकत बसत. वारांच्या लक्षात आलं की कित्येकांना ऐकणारं माणूस मिळालं की आत यायची गरजच उरत नाही. १९५४ मध्ये त्यांनी ते काम स्वयंसेवकांच्याच हाती सोपवलं. आज ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्याच पायावर उभी आहे. आमचा गट म्हणजे ती बाहेरची खोली. तिथे उपचार होत नाहीत, आणि होतात असं कुणी सांगितलं तर त्याला आम्ही तिथल्या तिथे थांबवतो.

धोके आहेतच. दुःखाची चढाओढ लागते. ‘गोळ्या फेकून दे, डॉक्टर लुटतात’ असं सांगणारा एखादा घुसतो. त्याहून वाईट म्हणजे खासगी निरोप पाठवून ‘आपण बरोबर जाऊ’ म्हणणारा. अशाला आम्ही लगेच बाहेर काढतो. साधनांचा, मात्रेचा, जागेचा उल्लेख आला की पोस्ट काढून टाकतो, पण लिहिणाऱ्याला गटाबाहेर काढत नाही. त्याच मिनिटाला कुणीतरी त्याच्याशी बोलायला लागतं. बड्या कंपन्यांच्या समाजमाध्यमांवर पुष्कळदा उलटं होतं. यंत्राला शब्द सापडतो, पोस्ट गायब होते, समोर हेल्पलाइनची छापील पट्टी येते आणि माणूस समजतो, इथेही आपल्याला जागा नाही. मग तो कुठे जातो? जिथे कुणी काहीच काढून टाकत नाही तिथे. त्या अड्ड्यांचं भांडवलही ऐकून घेणं हेच आहे; ते दचकत नाहीत, उपदेश करत नाहीत, आणि मग हळूच दरी दाखवतात. धीर देणारे गट बंद केलेत तर त्या अड्ड्यांवरचीच गर्दी वाढेल.

आता थोडं आपल्याविषयी, रागावू नये. त्या लेखात एका अड्ड्याचं पूर्ण नाव होतं आणि तिथे काय मिळतं याचं रसभरीत वर्णनही. त्याच दिवशी आमच्या गटात त्या नावाची चौकशी सुरू झाली. पहिल्या पानावरच्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, हे डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्येच दाखवलं होतं. व्हिएन्नातल्या वृत्तपत्रांनी १९८७ पासून अशा बातम्यांचा भडकपणा कमी केला, तेव्हा ज्या प्रकारच्या घटना गाजत होत्या त्या झपाट्याने घटल्या. ऑस्ट्रियातल्याच २०१० च्या एका अभ्यासात याची दुसरी बाजू पुढे आली: विचार येऊनही त्यातून सावरलेल्यांच्या बातम्या छापून आल्या, त्यानंतर आत्महत्यांत घट दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली पत्रकारांसाठी सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्या पुन्हा सुधारल्या. जगात वर्षाला सात लाखांहून अधिक माणसं अशी जातात. एवढ्या मोठ्या संख्येपुढे एक नाव न छापणं ही काही फार मोठी मागणी नाही.

तेव्हा विनंती अशी, की अशा प्रत्येक मजकुराखाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा, तळाच्या बारीक टाइपात नको. आणि सावरलेल्या माणसांना आठवड्याला एक छोटी चौकट द्यावी. लिहिणारे मिळतील का अशी शंका असेल, तर आमच्या गटातले दोघे-तिघे नाव न छापण्याच्या अटीवर तयार होतील असं वाटतं. आपला होकार कळला की त्यांना विचारतो.

आपला,
एक वाचक
(गटातील सभासदांची ओळख जपण्यासाठी माझं नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये.)