मनूला पुण्याला पाठवा

पुणे,
3 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई, तू स्पीकर लावलास की मागे टीव्ही चालू असतो. म्हणून पत्र लिहितेय. हे दादाकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावून तुम्ही दोघांनीच वाचा, कारण यातली एक गोष्ट दादालाही माहीत नाही.

दादाच्या मनूचा नंबर पुण्याच्या कॉलेजात पहिल्याच फेरीत लागला. या आठवड्यात जागा पक्की केली नाही तर हातची जाईल. वहिनी सांगत होती, बाबा म्हणाले, "बार्शीत कॉलेजं ओस पडलीत का?" आणि कपाटातून कात्रणांचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. वर स्वारगेटचं कात्रण, खाली सदाशिव पेठेतलं. बाबा, ही दोन्ही कात्रणं खोटी नाहीत. नऊ वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहे मी. 'पुणं अगदी सुरक्षित आहे हो' असं म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. पण त्या कात्रणांतून तुम्ही जे काढलंत, ते मला पटत नाही.

स्वारगेटचंच घ्या. 25 फेब्रुवारीची पहाट. एक मुलगी फलटणला जायला स्टँडवर उभी होती. एका अनोळखी माणसाने गोड बोलून सांगितलं, तुमची गाडी तिकडे लागलीय. तिकडे एक शिवशाही उभी होती, आत अंधार. पुढचं तुम्ही वाचलंय. आरोपी तीन दिवसांनी शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावच्या शेतात सापडला. मग आवारात धूळ खात पडलेल्या जुन्या गाड्या हलवायचे आदेश निघाले. आता मला सांगा, यात 'दिवेलागणीच्या आत घरी' हा आपला नियम कुठे बसतो? ती गावाकडेच निघाली होती. एसटीच्या स्टँडवर होती आणि पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. ती रात्री सिनेमा बघून परतत असती तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं, पण ते जाऊ दे, त्यावर आपलं पूर्वी एकदा भांडण झालंय.

त्यानंतर मी आमच्या मुलींना एवढंच सांगते: गाडी कुठे लागते ते चौकशीच्या खिडकीवर किंवा गणवेशातल्या कंडक्टरला विचारायचं. स्वतःहून येऊन सांगणाऱ्याच्या मागे जायचं नाही, तो 'ताई' म्हणाला तरी. आत दिवे नसलेल्या, माणसं नसलेल्या गाडीत चढायचं नाही. हे सांगताना माझी जीभ अडखळते, कारण ऐकणारीला वाटतं, म्हणजे चूक त्या मुलीची होती का? नव्हती. आपणही स्टँडवर दहा जणांना विचारतच गाडी पकडतो की. आणखी एक, बाहेरगावच्या मुलांना हे माहीत नसतं: शिवाजीनगरचा एसटी स्टँड मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवला. जुन्या जागेच्या भरवशावर आलेलं पोर पहाटे चारला वाकडेवाडीला उतरतं, गोंधळतं, आणि त्याच वेळी कोणीतरी रिक्षा घेऊन पुढ्यात येतो. मनू रात्रीच्या गाडीने येणार नाही, एवढा शब्द मी तिच्याकडून घेतलाय.

आणि ते सदाशिव पेठेचं. 27 जून 2023, भर रस्त्यात एक पोरगा कोयता घेऊन एका कॉलेजच्या मुलीमागे धावला. 'लोक नुसते बघत राहिले' असं तुम्ही कात्रणाच्या कडेला पेनने लिहिलंय. खरंय, बरेच जण बघतच राहिले. पण ज्याने पुढे होऊन तो कोयता धरला तो लेशपाल जवळगे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात आलेला. ते त्या कडेला लिहायला जागा उरली नव्हती का, बाबा?

आता ती गोष्ट.

1998. मी सोलापूरला दुसऱ्या वर्षाला होते. नवी पेठेजवळ टायपिंगचा क्लास लावला होता, आठवतंय? तीसच्या परीक्षेची फी तुम्ही मनिऑर्डरने पाठवली होती. दोन महिने गेले आणि मी कळवलं, बोटं दुखतात, क्लास सोडला. तुमचं उत्तर आलं, निळ्या अंतर्देशीयावर: कष्टाला कंटाळणारी मुलगी आपल्या घरात जन्मेल असं वाटलं नव्हतं. ते अंतर्देशीय अजून माझ्याकडे आहे.

बोटं दुखत नव्हती. क्लाससमोरच्या विजेच्या खांबाला सायकल टेकवून एक माणूस उभा राहायचा. चाळिशीचा असेल. मी बाहेर पडले की सायकल हातात धरून दहा पावलं मागून, थेट होस्टेलच्या फाटकापर्यंत. अंगाला हात लावला नाही, एक शब्द बोलला नाही. म्हणूनच कुणाला सांगावं तर काय सांगावं तेही कळेना. मी रस्ता बदलला, त्याने बदलला. वेळ बदलली, चार दिवसांनी तोही त्या वेळेला हजर. शेवटी क्लासच सोडला. मग संध्याकाळी मेसला जाणंही सोडलं. मेसच्या काकूंनी चार दिवस माझं ताट पडून राहिलेलं पाहिलं आणि होस्टेलवर येऊन मला बोलतं केलं. दुसऱ्या दिवशी काका माझ्यासोबत चालत आले. खांबाजवळ थांबून त्या माणसाशी दोन मिनिटं बोलले. काय बोलले ते मी कधी विचारलं नाही. तो पुन्हा दिसला नाही.

तुम्हाला का सांगितलं नाही? कारण तुम्ही मला दुसऱ्या दिवशीच्या गाडीने बार्शीला परत आणलं असतं. आई, तू म्हणशील, नसतं गं आणलं. पण आणलं असतंत. पवारांच्या सुलभाला आणलं होतं, आणि पुढच्या वैशाखात तिचं लग्न लावून दिलं. मला त्या माणसाची भीती होतीच. तुम्हाला कळेल याची त्याहून जास्त होती.

त्या वेळी कायद्यात या प्रकाराला वेगळं कलम नव्हतं. पाठलाग हा गुन्हा म्हणून 2013 साली कायद्यात आला, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर. आता भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे: पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाचपर्यंत आणि जामीन हक्काने मिळत नाही. फोनवर, इन्स्टाग्रामवर मागे लागणंही त्यात धरलंय. मनूला कलम पाठ करायची गरज नाही. पण 'त्याने काही केलं नाही, नुसता मागून चालतो' हीसुद्धा तक्रार होते, एवढं तिला ठाऊक आहे. मला नव्हतं.

चौकीत सगळं सुरळीत होतं असंही नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलीला घेऊन गेले, तर हवालदार म्हणाले, ही आमची हद्द नाही. दुसरीकडे गेलो, तिथेही तेच. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यायचा आणि मग ज्याची हद्द असेल त्याच्याकडे पाठवायचा. 'झिरो एफआयआर' म्हणा, की समोरच्याला कळतं आपण माहिती काढून आलोय. एकटीने जायचं नाही, दोघी-तिघींनी जायचं. बाबा, तुमच्यासारखा पांढऱ्या केसांचा माणूस सोबत असेल तर काम आणखी लवकर होतं, हे मला आवडत नसलं तरी खरं आहे.

आता ओंकारचं. त्याची परवानगी घेऊनच लिहितेय. मनूचा भाऊ दोन वर्षं पुण्यात आहे आणि तो निघाला तेव्हा तुम्ही फक्त 'गाडी हळू चालव' सांगितलंत. मुलगा ना! गेल्या दिवाळीत त्याने फोन बिघडला म्हणून दादाकडून पैसे मागितले, तो फोन बिघडला नव्हता. टेलिग्रामवर कोणीतरी घरबसल्या कामाचं आमिष दाखवलं. हॉटेलांना पाच तारे दिले की दीडशे रुपये. पहिल्या दोन दिवशी खरंच पैसे आले. मग 'मोठं काम हवं असेल तर आधी रक्कम भरा'. असे करत साडेचौदा हजार गेले. माझ्याकडे आला तोवर सहा दिवस झाले होते. 1930 या नंबरावर फसवणूक झाल्या झाल्या कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. सहा दिवसांनी काय मिळणार? सहा दिवस का थांबलास म्हटलं तर म्हणाला, "आबांना कळलं असतं." म्हणजे तुम्हाला, बाबा.

त्याच्याहून वाईट त्याच्या खोलीवरच्या मुलाचं झालं. कोणीतरी त्याचं बँक खातं महिन्याला पाच हजारांनी 'वापरायला' मागितलं. याला वाटलं, पडूनच आहे, देऊ. त्या खात्यातून लोकांचे बुडालेले पैसे फिरले आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस याच्या नावाने आली. तो परभणीचा मुलगा, वडील एसटीत. अजून खेटे घालतायत. मुलींना कोयत्याची भीती घालणारी घरं मुलांना पासबुक कुणाला देऊ नकोस हे सांगत नाहीत, याचा मला राग येतो.

आणि बाबा, रागावू नका, पण गेल्या वर्षी तुम्हालाही तो फोन आला होता. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉल बंद करू नका, कुणाला सांगू नका. आईने मला सांगितलं. तुम्ही पैसे दिले नाहीत ही तुमची हुशारी, आपल्या कायद्यात 'डिजिटल अटक' नावाचा प्रकारच नाही. पण दोन दिवस तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. नीट जेवलाही नाहीत म्हणे. तर मी टायपिंगचं लपवलं, ओंकारने पैशांचं आणि तुम्ही त्या फोनचं.

म्हणून माझी एकच मागणी आहे. मनूला निघताना वेळेची अट घालू नका. तिच्या देखत हे म्हणा: काहीही झालं, चूक तुझी असली तरी, आम्हाला सांगितलंस म्हणून शिक्षण बंद करणार नाही. बाबांनी म्हणायला हवं. दादाने म्हणून भागणार नाही, कारण घरात शब्द तुमचा चालतो.

बाकीचं माझ्यावर सोडा. नारायण पेठेत कॉट बेसिसवर एक जागा बघून आलेय, चार मुली, मालकीणबाई खालच्याच मजल्यावर. जिन्यात दिवा आहे, दाराला आतून कडी आहे, भाडेकरूंची नोंद पोलिसांकडे करतात. ऑनलाइन बघून डिपॉझिट भरायचं नाही हे मनूला सांगा. 'मी लष्करात आहे, बदली झाली, कोड स्कॅन करा' म्हणणारे खूप आहेत, आणि कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. बसमध्ये सॅक पुढे घ्यायची. रस्त्याने फोन कानाला लावून चालायचं नाही, दुचाकीवरून हिसकावतात. टेकडीवर अंधार पडल्यावर थांबायचं नाही, मग सोबत कोणीही असो. पोलिसांसाठी 112. हे सगळं तिला आधीच माहीत आहे आणि ती माझ्याकडे बघून हसते.

तिच्या नव्या फोनचा खोका फेकू नका. त्यावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर असतो, तो बाबांनी आपल्या वहीत उतरवून ठेवायचा. फोन गेला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरून तो बंद करता येतो, आणि तेव्हा नंबर हाताशी लागतो. तुमच्या अक्षरात असला की सापडेल तरी.

आई, तुझ्यासाठी एक काम. मनूचा फोन आला आणि तिने मध्येच विचारलं, "आजी, देवापुढचं तेल संपलं का गं?" तर समज की तिच्या शेजारी कोणीतरी आहे आणि तिला तिथून निघायचंय. तू मोठ्याने म्हणायचं, "आबांना बरं नाही, आत्याकडे जा लगेच," आणि फोन ठेवला की मला लावायचा. हे आम्ही दोघींनी ठरवलंय. तुला जमेल का विचारलं तर मनू म्हणाली, आजी नाटकात काम करायची, तिला सांगावं लागणार नाही.

बुधवारी सकाळच्या पहिल्या गाडीत बसवा, म्हणजे दुपारी उजेडात पोचेल. स्वारगेटला चौकशीच्या खिडकीपाशी मी उभी असेन. शाळा सोडल्याचा मूळ दाखला पिशवीत नको, तिच्या अंगावरच्या बॅगेत. शेंगाची चटणी जास्त दे, चार मुली आहेत.

तुमची,
सुमन

ता. क. आई, तेलाचा प्रश्न आला की "हो गं, कालच आणलं" असं सांगून मोकळी होऊ नकोस.